गोदीला मारू नका!

छापखान्यात शाई आणि किस्से दोन्ही हाताला लागतात आणि धुऊन जात नाहीत. गिरगावातल्या एका साप्ताहिकात मी प्रुफं तपासायचो, तेव्हाचे हे. बहुतेक आमच्या अण्णांचे. अण्णा दर आठवड्याला कादंबरीचं एक प्रकरण द्यायचे आणि शनिवारी अख्खं गिरगाव ते वाचायचं!

*

पण पहिलं प्रूफ माझं नव्हे, वहिनींचं. अण्णा नवं प्रकरण आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बायकोला वाचून दाखवत. एकदा त्यांची नायिका गोदी चुलीवर भात ठेवून दोन पानं उसासे टाकत बसली.

वहिनी म्हणाल्या, "अहो, भात करपला!"

अण्णांनी दीड पान उसासे कापले.

*

पुढे अण्णांनी गोदीला मारायचं ठरवलं. वहिनी हटून बसल्या. "तिला मारू नका हो."

"अगं, कथानकाची गरज आहे!"

"कथानकाला जेवायला कोण वाढतं?"

अण्णांनी ऐकलं नाही. गोदी मेली, प्रकरण पुढच्या आठवड्याच्या अंकासाठी छापखान्यात आलं. आणि त्याच आठवड्यात वहिनी तीन दिवसांच्या तापात गेल्या.

*

कादंबरीचं शेवटचं प्रकरण अजून लिहायचं होतं. साप्ताहिकाचे मालक समाचाराला गेले आणि न राहवून त्याचं विचारून बसले. अण्णा म्हणाले, "सुतकात लेखणी धरत नाही. आणि सुतक फिटल्यावरही धरणार नाही."

मालक कसले ऐकतात! "धरू नका. नुसतं सांगा!"

आमचा लालबागचा कंपोझिटर सखाराम कागद घेऊन दारात बसला. अण्णांनी एक वाक्य सांगितलं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. पुढचं वाक्य आलंच नाही.

सखाराम दुपारपर्यंत थांबला. परत येऊन एवढंच म्हणाला, "मालकानू, आता कोणाक धाडू नकात."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. प्रुफात चार चुका तशाच राहिल्या.

*

दहावा दिवस. सकाळीच गोदीच्या मरणाचं प्रकरण यंत्रावर चढवून आम्ही बाणगंगेवर गेलो. पिंड ठेवला. कावळे ढीगभर, पण एकही शिवेना!

गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिलीय. वचन द्या."

वहिनींचा भाऊ म्हणाला, "ताई, अण्णांना अंतर देणार नाही." कावळे हलले नाहीत.

मालक पुढे झाले. "वहिनी, अण्णांना लिहितं ठेवू!" एक कावळा जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि मागे सरला.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा अण्णा उठले. हात जोडून, रडत म्हणाले, "बरं बाई, गोदी जगेल. मी लिहीन."

कावळ्याने झडप घातली!

आम्ही सगळे डोळे पुसत होतो. मालक तेवढे दिसेनात. बघतो तर ओल्या धोतरानिशी वाळकेश्वराच्या उतारावरून पळत सुटलेले, आणि तिथूनच ओरडत होते, "अरे, यंत्र थांबवा!"