दहा मिलिमीटरच्या दोन चकत्या

बाबांना जाऊन आठ महिने झाले. भेटायला येणारी माणसं त्यांच्याबद्दल जे बोलतात ते मी ऐकून घेते. साधे होते, देवमाणूस होते, कुणाला कधी दुखावलं नाही. यातलं शेवटचं तर सरळ खोटं आहे. मापात चूक करणाऱ्याला ते चांगलंच दुखवत. ते काम कसं करत हे मात्र मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला खात्रीने लिहिता येईल. म्हणून एका दसऱ्याची हकिकत लिहायला घेतली आहे. रोज थोडं थोडं लिहिते.

डोंबिवलीत मानपाड्याला बाबांचा छोटासा कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक प्रेस आणि मिस्त्रीकाका. मिस्त्रीकाका जवळच्याच आगरी गावातले, कारखाना उघडल्या दिवसापासून बाबांबरोबर. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच नोकरीला लागले होते. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. यंत्राचं ड्रॉइंग ते माझ्यापेक्षा लवकर वाचत, पण इंग्रजीतला मजकूर लांबला की मला बोलावून घेत. त्यामुळे त्या कारखान्यातल्या बऱ्याच गोष्टी मला वाचून दाखवता दाखवताच समजल्या.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, गाड्यांचं वेड होतं. त्याने एक जुनी छोटी गाडी घेऊन तिचं इंजिन उघडून, कार्बोरेटर बदलून, मागची सीट काढून, परत बसवून तिला अशी काही तयार केली होती की ती आमच्या गल्लीतून निघाली की खिडक्या वाजत. घोडबंदरच्या पलीकडे एका बंद पडलेल्या कंपनीच्या डांबरी आवारात हौशी लोक पिंपांभोवती गाड्या पळवून वेळ मोजत. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथे शर्यत होती आणि दादाने नाव दिलं होतं. त्यासाठी त्याने कुठूनतरी रुंद अलॉयची चाकं पैदा केली. पुढची चाकं बसली, पण टायरची आतली कड शॉक अॅब्झॉर्बरच्या नळीला घासायला लागली. चाक थोडं बाहेर सरकवायचं तर चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये धातूची चकती घालावी लागते. तिला स्पेसर म्हणतात. दादा ते काम घेऊन बाबांकडे आला.

"बाबा, पंचवीस मिलिमीटरचे चार करून द्या."

"पंचवीस कुणी सांगितलं?"

"सगळे तेवढेच लावतात. गाडी काय रुंद दिसते!"

"दिसायलाच हवी असेल तर दोन्ही बाजूंनी पट्टे मार. लवकर होईल."

मिस्त्रीकाका लेथवरून हसले. दादा तोंड पाडून उभा राहिला.

बाबांनी आईकडून कणकेचा गोळा मागवला. दादाला वाटलं थट्टा चाललीय. पण बाबांनी चाक काढलं, हबमधून बाहेर आलेल्या, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या चारही स्टडवर सारख्या जाडीचे वॉशर चढवले, शॉकच्या नळीवर कणकेची गोळी चिकटवली आणि चाक परत लावून हाताने फिरवलं. मग चाक काढून चेपलेल्या कणकेची जाडी मापली. वॉशर वाढवत वाढवत दहा मिलिमीटरला आत पुरेशी फट मिळाली. तिथेच ते थांबले. मग तात्पुरते लांब बोल्ट घालून हट्टाने पंचवीसही करून दाखवलं. गाडी खाली दबावी म्हणून मागे मिस्त्रीकाका, मी आणि शेजारच्या गाळ्यातले दोन धिप्पाड कामगार कोंबून बसलो, पुढे दादाने स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर टायर मडगार्डच्या कडेला टेकला.

"बघितलंस? आत घासायचं ते बाहेर घासणार. शिवाय जितकं बाहेर काढशील तितका बेअरिंगवर ताण. लागतात तेवढेच घाल. दहा. आणि फक्त पुढे, मागे घासत नाहीये."

"दहाने काही दिसणारसुद्धा नाही."

"न दिसलेलंच बरं."

पुढचे आठ दिवस मी ग्रंथालयातून सुटले की कारखान्यात जायचे. गाडीचं इंग्रजी पुस्तक दादाकडे होतं. त्यातलं मी वाचायचे आणि बाबा मान हलवायचे, किंवा हलवायचे नाहीत. मिस्त्रीकाकांनी भंगारातला एक ओतीव अॅल्युमिनियमचा जाड तुकडा काढून ठेवला होता. बाबांनी तो परत केला. ओतिवात आत पोकळ्या असतात, त्या वरून कळत नाहीत, म्हणाले. चांगल्या प्रतीच्या कठीण अॅल्युमिनियमचा गोल बार आणवून त्यातूनच चकत्या कापल्या. मधलं भोक हबच्या उंचवट्यावर असं बसवलं की चकती हाताने दाबली की जायची आणि सोडली की हलायची नाही. बाहेरच्या बाजूला तसाच गोल उंचवटा ठेवला, चाक त्यावर बसावं म्हणून. मी विचारलं, चार स्टड आहेत की धरायला, मग एवढं कशासाठी?

"स्टड ओढून धरायला असतो, गं. गाडी उचलायला नाही. भार या उंचवट्याच्या गळ्यावर यायला हवा."

स्टडचीच खरी अडचण होती. चकती घातल्यावर जुन्या स्टडवर नट जेमतेम चार फेरे जायचा. बाबांनी मला मोजायला बसवलं होतं. नट स्टडच्या जाडीइतका तरी आत जायला हवा; बारा मिलिमीटरचा स्टड, एका फेऱ्याला दीड मिलिमीटरचा आटा, म्हणजे निदान आठ पूर्ण फेरे हवेत, हे गणित मी करून दिलं. लांब स्टड लागणार होते. दादा म्हणाला, तुम्हीच वळा ना, तुम्हाला काय कठीण आहे. आख्ख्या मानपाड्यात आटे पाडण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तेच म्हणाले, नाही. लेथवर आटा कापला जातो, स्टडच्या कंपनीत तो दाबून काढलेला असतो आणि कठीण व्हावा म्हणून स्टडला तापवून पाणीही दिलेलं असतं. ते माझ्याकडे होत नाही. आपल्याला काय येत नाही हे इतक्या थंडपणे सांगताना मी फार कमी माणसांना पाहिलं आहे. आठ लांब स्टड त्यांनी विकत आणले आणि प्रेसवर सरळ दाबून बसवले. नट आठ फेरे जाऊन वर एक जास्त गेला.

आता दसऱ्याविषयी सांगायला हवं. आमच्याकडे, आणि त्या सगळ्या वसाहतीत, दसऱ्याच्या आधी यंत्रं धुऊन पुसून त्यांना नवा ऑइलपेंट देत. आमचा रंग हिरवा. बाबा दरवर्षी मिस्त्रीकाकांना एकच वाक्य सांगत, "सगळ्याला एक हात मारून घ्या." काका खरोखरच सगळ्याला मारत. लेथ, ग्राइंडर, व्हाइस, पाण्याच्या माठाची तिवई. त्या वर्षी फळीवर ठेवलेल्या दोन चकत्याही हिरव्या झाल्या, दोन्ही अंगांनी.

शुक्रवारी दुपारी बाबांनी त्या हातात घेतल्या.

"वा! मशीनला मॅचिंग," म्हणाले, आणि बसवल्या.

बाकी सगळं रीतसर केलं. आटे कोरडे पुसले, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्कच्या पान्याने पुस्तकातल्या आकड्याइतका जोर दिला. तेवढा जोर भरला की तो पाना कट् असा वाजतो. मग दादाला सांगितलं, आज संध्याकाळी शीळफाट्यावरून ठाण्याला जा, घोडबंदरपर्यंत जाऊन परत ये, आणि उद्या सकाळी इथे आण. चाक नव्याने बसवलं की थोडं चालवून नट पुन्हा तपासायचेच.

दसऱ्याच्या सकाळी लेथांवर झेंडूच्या माळा होत्या. पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, मधोमध टॉर्कचा पाना, कारण तो आमच्याकडचा सगळ्यात भारी. आई आरती करून घरी स्वयंपाकाला गेली होती. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ते उचलायचं, अशी रीत. दादा गाडी घेऊन आला. गाडीलाही हार होता. गाडी छान चालली, म्हणाला, काही आवाज नाही, थरथर नाही. पेढा खाऊन तो निघायच्याच बेतात होता.

बाबा उठले आणि पाटावरचा पाना उचलला.

"शेट, काय करता?" मिस्त्रीकाका ओरडलेच. "आज हत्याराला हात नाय लावायचा!"

"देवीला मी सांगतो. तुम्ही गाडीमागे विटा लावा."

"देवीला सांगशाल. आन् वहिनीला कोन सांगल?"

"तिला तुम्ही सांगा."

पान्याच्या दांड्यावरचं कुंकू बाबांच्या तळहाताला लागलं. पहिल्याच नटाला पाना लावला, तर पाना कट् वाजण्याआधीच नट फिरला. चांगला पाव फेरा फिरला. दुसराही. आठही नट फिरले.

"आता झाले ना घट्ट?" दादा म्हणाला. "मग झालं. उद्या सकाळी परत बघू."

"चाक काढ."

"बाबा, उद्या सातला पोचायचंय मला तिथे."

"उद्या वळणावर चाक निघालं, तर पाना घेऊन मी तिथे नसेन. आधी हे का सैल झाले ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर उद्या गाडी जाणार नाही. चाक काढ."

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याचा चेहरा त्या क्षणी असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. पण त्याने जॅक लावला.

चकती बाहेर आली आणि कारण समोरच होतं. हिरवा रंग सायीसारखा सुरकुतून कडेला गोळा झाला होता, थोडा हबला चिकटला होता. वरून वाळलेला रंग आतून ओलाच होता. नट आवळले तेव्हा धातूवर धातू बसलाच नव्हता, मध्ये रंग होता. गाडी चालली, हब तापला, रंग दबला आणि जितका दबला तितके नट सैल पडले.

मिस्त्रीकाकांनी चकती हातात घेतली आणि खाली बघत राहिले. "माझीच चूक, शेट. मी काय विचार केलाच नाय."

"तुमची नाही," बाबा म्हणाले. ते दादाकडे वळले. "सगळ्याला हात मारा असं मी म्हटलं होतं. आणि काल रंगवलेली चकती माझ्या हातात होती. मी मॅचिंग बघत बसलो. चूक माझी आहे."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यात ओशाळलेपणा नव्हता. माप सांगावं तसं ते म्हणाले, आणि लगेच थिनरचा डबा मागितला. रंग खरवडायचा नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही, नाहीतर सपाट अंग बिघडेल. फडक्याने पुसून काढायचा. काकांनी दोन्ही चकत्या पुसून पुसून चांदीसारख्या केल्या. बाबांनी मापाच्या सपाट लोखंडी पाटावर निळा रंग लावून त्या त्यावर टेकवून तपासल्या, सगळीकडे सारखा निळा उठला, म्हणजे अंग सपाट होतं. मी ब्रशने हबवरचा रंग आणि गंज काढला. मग परत बसवणं, परत नट.

"पुढच्या वर्षी विचारून रंगवीन," काका म्हणाले. "तुम्हालाबी विचारीन, शेट. उभे राहाल मध्ये तर हिरवे व्हाल."

दादा पहिल्यांदा हसला.

या वेळी बाबा स्वतः शेजारी बसले, मी मागे. भर दुपारी तोच रस्ता. ठाण्यात टेंभी नाक्याकडे देवीच्या विसर्जनाची गर्दी असणार म्हणून बाहेरून गेलो. घोडबंदर रस्ता तेव्हा दोन पदरी होता, दोन्हीकडे झाडी आणि मध्येच दगडाच्या खाणी. बाबा दादाला वळणावर जोरात घ्यायला सांगत होते, ब्रेक दाबायला सांगत होते. आई घरी जेवणाला थांबली होती, त्याबद्दल आम्ही तिघांनीही तोंड उघडलं नाही. परत कारखान्यात आल्यावर हब थंड होईपर्यंत थांबलो. मग बाबांनी पाना माझ्या हातात दिला. "तू लाव. मला आज सगळं घट्टच लागेल."

मी लावला. आठ वेळा कट् वाजलं आणि एकही नट जागचा हलला नाही.

"जाऊ दे उद्या," बाबा म्हणाले.

रविवारी ते आमच्याबरोबर आले. प्रत्येक फेरीनंतर गाडी थांबली की पाना घेऊन वाकायचे.

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्याही गाड्या बघतो, हवं तर."

आणि खरोखरच एकाच्या गाडीला पंचवीसचे स्पेसर दिसले, तेव्हा त्याला नट किती फेरे जातात ते मोजायला लावलं. पाच निघाले. तो मुलगा आधी हसला, पण पुढच्या फेरीला जुन्या चाकांवर उतरला. दादाचा नंबर आला नाही. मधल्या एका पिंपाला घासून त्याची दोन सेकंदं गेली. पण वळणांवर गाडी जशी जमिनीला धरून गेली ते बघून तिथला एक जुना जाणता चालक बाबांजवळ येऊन उभा राहिला आणि चकत्यांची जाडी विचारून गेला.

परतताना दादा घोडबंदर रस्त्याने वेगात होता. मी मागून त्याला हळू चालव म्हणणार होते, तेवढ्यात पुढे पाहिलं. बाबांनी सीट मागे केली होती, चपला काढून ठेवल्या होत्या, आणि पुढची दोन्ही चाकं वळणामागून वळण घेत असताना ते गाढ झोपले होते.