थपडेचं भाषांतर

चाकणच्या कारखान्यात मी कोरियन साहेबांची दुभाषी होते. एका दुपारी, पत्रे दाबणारा प्रेस खाली येत असतानाच संतोषने अडकलेला पत्रा काढायला आत हात घातला. पार्कसाहेबांनी त्याला कॉलर धरून मागे खेचलं आणि फाडकन थोबाडीत मारली. ओठ फुटला. संतोषने शेजारचा लोखंडी पाना उचलला. सगळे धावत आले.

साहेब किंचाळले.

"काय म्हणतोय तो, मॅडम?" संतोष ओरडला.

"मरायचंय का तुला, म्हणतायत."

शब्द धमकीचेच होते. पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. रस्त्यात धावलेल्या पोराला बडवता बडवता आईही हेच ओरडते. माणूस घाबरला की त्याचा हात असा कुणावर तरी पडतो, हे कुठल्या देशात निराळं असेल?

"त्यांनी तुझा हात वाचवला, संतोष."

पाना जरा खाली आला. "वाचवला, ते कळलं. मग मारलं कशाला, विचारा."

मी विचारलं.  पार्कसाहेब संतोषसमोर कमरेत वाकले आणि तसेच राहिले. संतोष त्यांच्या उघड्या मानेकडे बघत होता. मग त्याने पाना फरशीवर टाकला. तो आवाज शेडभर घुमला, आणि साहेब दचकले.