बॅटरीतलं पाणी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पांढुर्ण्याला माहेरी गेले तर आईलाही नाही. तुम्ही माझे कोण लागता? कोणीच नाही—म्हणूनच जीभ जरा सैल होते आहे.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. जन्मभर बैलांना सुया टोचल्या, आणि रिटायर झाल्यावर जीव लावला तो कोणाला—तर काचेच्या पेटीतल्या पाच गोल्डफिशला! सौसरच्या आमच्या गल्लीत लोक हसायचे, मामाजी त्यांच्याहून जास्त हसायचे. त्यांचं डोकं म्हणजे काय सांगू? रामाकोना गावातला कोणता बैल कोणाचा, कोणत्या पायाने लंगडायचा, हे वीस वर्षांनीही घडाघडा सांगायचे. त्याचा त्यांना भारी गर्व होता. मला तो गर्व फार आवडायचा.

लाइट गेली की आमच्या घरातला कायदा बदलायचा. इन्व्हर्टर माशांचा! मामाजी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी पंख्याच्या, कूलरच्या, टीव्हीच्या बटणांवर लावून टाकायचे. चालू एकच पिन—पाण्यात बुडबुडे सोडणाऱ्या पंपाची. "आपन पेपरानं वारा घेऊ वो बाई," म्हणायचे, "त्यायले हात हायेत का?" नुसता पंप असला की बॅटरी दोन दिवस आरामात निघायची.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात वादळाने खांब पाडले आणि लाइट गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी मामाजींना लोधीखेड्याला लग्नाला जायचं होतं. नवरा बोरगावला, कारखान्यात ड्युटीवर. "पंपाकडे ध्यान ठेवजो," एवढंच सांगून मामाजी निघाले.

आता पुढचं—कसं सांगू? माझ्या लग्नाला दुसरं वर्ष होतं. गल्लीत मला नाव नव्हतं, मी नुसती 'पांढुर्णावाली'. कोणी येऊन बसत नव्हतं. त्या दुपारी मात्र शेजारच्या काकू मोबाइल चार्ज करायला आल्या. त्यांच्यामागे दुसरी, तिसरी. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे हे सगळ्यांना माहीत होतंच. बोर्डात जागा उरली नाही, तेव्हा एक पिन मी काढली. पंपाची. पाच मिनिटांपुरती, असं स्वतःला सांगून. मग पंख्याच्या बटणावरची पट्टी सोलली—बाया घामाघूम झाल्या होत्या ना! मग कूलरची. कोणीतरी लोणच्याचा मसाला वाटायला मिक्सरही आणला. मी चहा केला. काकू म्हणाल्या, "सुनंदा, तू त मोठी गोड निघाली वो!"

नाव घेतलं माझं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत होते. मी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. पाहिलं आणि चहा गाळायला वळले.

चारच्या सुमारास इन्व्हर्टर टूं टूं करून बंद पडला. बाया आपापले मोबाइल घेऊन गेल्या. पेटीजवळ गेले तर चार मासे उलटे तरंगत होते, पाचवा तळाशी आडवा. मग मी काय केलं—रडले? नाही. पंपाची पिन परत बोर्डात लावली. सोललेल्या पट्ट्या एकेक करून जागच्या जागी चिकटवल्या, अंगठ्याने नीट दाबून.

मामाजी संध्याकाळी आले. पिन पाहिली, पट्ट्या पाहिल्या, मग पेटी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पंप त लावूनच हाय," ते म्हणाले. "मंग बॅटरीच बसली. तिच्यात पानी टाकाचं भुललो असन मी. बाई—टाकलं होतं का वो?"

"माझ्या ध्यानात नाही, मामाजी."

त्यांनी मासे परसातल्या संत्र्याच्या झाडाखाली पुरले. बॅटरी दुसऱ्याच दिवशी भंगारात दिली, झाकण उघडूनही पाहिलं नाही. मला हायसं वाटलं. हो, हायसंच.

मासे पुन्हा आणले नाहीत. त्या पेटीत आता कोथिंबीर लावलेली आहे. पण मासे राहू द्या. त्या दिवसापासून मामाजींचा स्वतःवरचा विश्वासच गेला. बैलांच्या गोष्टी सांगता सांगता मध्येच थांबतात—"का मी चुकीचं सांगून राहिलो?" स्कूटर सोडली. गोळी घेतली की नाही, गॅस बंद केला की नाही, सगळं एका वहीत लिहितात. नातवाला शाळेतून आणायचं तर म्हणतात, "माह्यावर भरोसा नोको ठेवू बाई, माह्या हातानं पाच जीव गेले." आणि हे म्हणताना माझ्याकडे मायेने बघतात, कारण मी त्यांना त्या दिवशी एका शब्दानेही बोलले नव्हते. चारचौघांत सांगतात, आमच्या सुनेचं मन लय मोठं हाय.

नव्या बॅटरीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाणी टाकतात. मला मुद्दाम बोलावतात, साक्षीला. पाणी टाकून झालं की हातात पेन घेऊन विचारतात, "टाकलं ना वो मी?"

"टाकलं, मामाजी."

ते वहीत लिहून घेतात.

वादळाच्या आदल्या रविवारीही टाकलं होतं. नरसाळं मीच धरलं होतं.