रशीदने नांगरून दिलेलं रान

कॉलेजसाठी पुण्याला निघालो त्या सकाळी वडील रानातून थेट कर्जतच्या स्टँडवर आले. धोतराला काळी माती लागलेली. त्याच आठवड्यात मालकाने त्यांना सांगितलं होतं, पुढल्या साली येऊ नको.

वडील दुसऱ्यांची रानं निम्म्या वाट्याने करायचे. एकाच माणसाने फार वर्षं रान कसलं तर तो कूळ म्हणून हक्क सांगेल, या भीतीने मालक दोन-तीन वर्षांनी माणूस बदलत. वडील मात्र निघताना पिकाची उरलेली धसकटं वेचून, रान नांगरून द्यायचे. येणाऱ्याला त्रास नको, म्हणायचे.

बस सुटताना ते खिडकीशी आले. "शिक. सोताचं रान घे. मंग कुनी म्हननार न्हाई, पुढल्या साली येऊ नको."

शिकलो. घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो, तो त्यांच्या वाट्याला आलेल्या ज्वारीवर. आमचा स्वतःचा असा पाऊण एकर खडकाळ माळ होता. त्यात कुसळांशिवाय काही आलं नाही, पण त्याच्यामुळेच शेतकरी असल्याचा दाखला मिळाला आणि रिटायरमेंटसाठी गावाजवळ तीन एकर जमीन घेता आली. तेव्हा वडील नव्हते.

रान वाट्याने दिलं रशीदला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी घर बांधणार होतो त्या जागी त्याने आपणहून कडुनिंबाची दोन रोपं लावली, उन्हाळाभर घागरीने पाणी घातलं. "म्हातारा होऊन येशील तवा सावली तयार पायजे, गड्या. एसीत लई नाजूक झालायस."

तिसऱ्या वर्षी पुण्यात आमच्या सोसायटीतले वकील म्हणाले, आता माणूस बदला. मी रशीदला फोन करून सांगितलं, पुढल्या साली येऊ नको. बोलताना ते वाक्य मला ओळखूही आलं नाही.

तो म्हणाला, "बरं. तूर निघाली की मोकळं करून देतो, साहेब."

मार्चमध्ये पुण्याहून आईला घेऊन रानावर गेलो. सगळं रान नांगरलेलं. बांधावर धसकटांचा ढीग. दोन्ही निंबांच्या बुडाशी पाण्याची नवी आळी केलेली, अजून ओली.

"कुनी नांगरलं?" आईने विचारलं.

"रशीदने. जाताना."

ती बांधावर बसली. ढिगातलं एक धसकट हातात घेऊन म्हणाली, "तुझा बाप बी आसंच करून निघायचा. मंग दोन दिस जेवायचा न्हाई."

तिथूनच रशीदला फोन लावला. परत ये म्हणालो. "दुसऱ्याचं रान धरलंय, साहेब. शब्द दिलाय."

हे वाचणाऱ्या तुमच्यातले काही गावीच राहिलात, काही माझ्यासारखे निघालात. निघालेल्या प्रत्येकाला म्हातारपणी परतायला एक जागा हवी असते. माझी आहे, सातबाऱ्यावर माझं नाव आहे. गावी तुमचं कोण असतं, असं पुण्यात कुणी विचारलं की मी तीन एकरांचं सांगतो.

उन्हाळा तापू लागला आहे. निंबांना पाणी कोण घालतंय, हे विचारायला गावात माझं कुणी उरलेलं नाही.