सुमनच्या वाटेने कोसबाडला

"पायी जा. टेकडीला रिक्षा केलीत तर मला येऊन काही सांगूच नका," असं बजावून सुमनने मला ठाण्याच्या घरातून पिटाळलं. सुमन म्हणजे माझी बायको. तिचे वडील डहाणूजवळ कोसबाडला शिक्षक होते, त्यामुळे तिचं सगळं बालपण त्या टेकडीवर गेलं. २०१६ साली अर्धांगाचा झटका आला आणि तिचं जग खाटेपुरतं उरलं. २०१७चा हिवाळा आला तसं तिने एकच टुमणं लावलं: उंबाडियू हवं (पापडीच्या शेंगा, रताळी, कंद रानपाल्यासकट मडक्यात कोंबतात, मडकं उपडं घालून वर जाळ करतात, ते). मी म्हटलं, तलासरीच्या हमरस्त्यावर मिळतं, कोणाकडून तरी मागवतो. तर म्हणे, "रस्त्यावरचं नको. शेतातलं. आणि तुम्ही चालत जाऊन आणायचं."

डहाणूला उतरलो तर आभाळ गच्च. उजेड इतका मळका की सकाळ आहे की संध्याकाळ, कळेना. वाटेत एका वाडीत बागायतदार काका आंब्याच्या मोहोराकडे बघत उभे होते. "हे मळभ असंच राहिलं तर मोहोर गेलाच समजा," ते वैतागून म्हणाले. मग माझ्या टोपीकडे बघून हसले. "तुमची मात्र मजा आहे. ऊन नाही!"

मजा कसली! चढावर माझ्या छातीचा भाता झाला. माथ्यावर पोचलो तेव्हा पश्चिमेला समुद्र आणि आभाळ एकाच राखी रंगाचं झालं होतं. मी सुमनला फोन लावला.

"विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो का?" तिने पहिलं तेच विचारलं.

"नाही गं. ढगात गेलाय."

"असू दे, तिथेच आहे तो. वास कसला येतोय?"

मी नाक वर करून हुंगलं. ओल्या मातीचा, गवताचा, कुठल्या तरी धुराचा. तसं सांगितलं. ती म्हणाली, "चाला आता."

पलीकडच्या उताराने खाली आलो. भात कापून गेलेली शेतं, त्यात उरलेल्या ओलीवर वालाचे वेल पसरलेले. एक खंड्या तारेवर अंग फुगवून बसला होता. "बघ, बघ!" मी मोठ्याने म्हणालो, आणि शेजारी कोणी नव्हतं. फार वाईट वाटलं. बायको वाटेवर हवी होती, बस्स.

धुराच्या रोखाने गेलो, तर बांधापलीकडे एक शेतकरी बाई भेटल्या, जेठीबाई. उपड्या मडक्यावर गोवऱ्या पेटवून बसल्या होत्या. इकडच्या पाड्यांवर (वस्त्यांवर) लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"बस दादा. झाला नाही अजून."

"मडकं जरा उचलून बघू या का?" मी विचारलं.

"नको रं बाबा! वाफ गेली का कच्चा राहील. वास येल तवा काढू."

मी सुमनचं सांगितलं. जेठीबाईंनी ऐकून घेतलं आणि जाळावर एक गोवरी सरकवली. वास सुटला तेव्हा मडकं सरळ करून त्यांनी माझा डबा भरला. करपलेला पाला मी बाजूला काढू लागलो, तशा ओरडल्याच, "पाला नको फेकू! तिला पाल्यासकट दे."

मग मला बसवून खाऊ घातलं. रताळं हातात मेणासारखं मऊ लागत होतं, ओवा-मिरचीचं वाटण जिभेवर चुरचुरत होतं. डबा छातीशी धरूनच घरी आलो.

डबा उघडला. सुमनने आधी पाला नाकाशी धरला, मग एक पापडी दातांनी सोलली. म्हणाली, "मीठ थोडं कमी आहे." आणि ढसाढसा रडायला लागली.

मी गांगरलो. तिची आस भागवायला गेलो होतो आणि वाढवून बसलो. "अगं, थंडी आहे तोवर जाऊ आपण. गाडी करू, शेताच्या बांधापर्यंत रिक्षा जाते."

"रिक्षा नको," ती डोळे पुसत म्हणाली. "चालत जायचं. टेकडीवरून."

डॉक्टर काय म्हणालेत, ते तिला ठाऊक आहे आणि मलाही.

"चालत," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी दुसरी पापडी सोलायला घेतली.