पाच माळांवरचे लाल डाग

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता, हट्टा गावातल्या आमच्या घरी, आरासेच्या अकरा माळांपैकी पाच माळांवर लाल डाग आढळले. डाग माळांच्या खालच्या टोकांना, साधारण वीतभर उंचीपर्यंत होते. सकाळी सव्वादहाला मी मोबाइलवर काढलेल्या फोटोत एकही डाग नाही.

माळा कापडाच्या होत्या. वडील गेल्यानंतर त्यांची दोन पांढरी धोतरं पेटीत पडून होती. माझ्या धाकट्या वहिनीने ती हिंगोलीला नेली. धाकटा भाऊ तिथे नोकरीला असतो. तिने घरच्या शेतातली हळद आणि तुरटी घालून पाणी उकळलं, त्यात धोतरं रंगवली, सावलीत वाळवली आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. प्रत्येक पट्टी एका कडेने धावदोऱ्याने चुणून तिने झेंडूची फुलं केली. कात्रीने कापलेल्या पट्टीपेक्षा फाडलेल्या पट्टीची कड जास्त पिंजते आणि फूल भरगच्च दिसतं, हे तिचं तिनेच शोधलं होतं. अकरा माळा स्टीलच्या डब्यात भरून, दोन बस बदलून, ती सणाच्या आदल्या दिवशी हट्ट्याला आली. महालक्ष्म्यांच्या मागच्या भिंतीवर आडवा बांबू बांधून तिने त्या सोडल्या. दोन्ही बाजूंना हळदीची हिरवी लांब पानं उभी केली. पानांचे देठ ओल्या फडक्यात गुंडाळून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, म्हणजे ती तीन दिवस मान टाकत नाहीत.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. शर्टावरचा भाजीचा डाग ज्या बाईने धुतला आहे तिला हे सांगावं लागत नाही. त्यामुळे देवी कोपली, कुणी करणी केली, असं आमच्या घरात कुणीही म्हटलं नाही. प्रश्न एकच होता. साबण कुणी लावला?

प्रश्नाला कारण होतं. नागपंचमीला आईने सांगितलं होतं की तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, पुढच्या वर्षापासून महालक्ष्म्या सुनांपैकी एकीने कराव्यात. रीतीप्रमाणे त्या थोरल्या वहिनीकडे जायच्या. थोरला भाऊ शेती बघतो, वहिनी आईजवळ राहते, आणि गेली पंधरा वर्षं सोळा भाज्या आणि पुरण तिच्याच हातचं असतं. पण धाकट्या वहिनीने मुखवटे हिंगोलीला मागितले. आईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "या साली आरास धाकटीला करू द्या, मग बघू," एवढंच ती म्हणाली.

माळा बांधल्या जात होत्या तेव्हा थोरली वहिनी दारात उभी होती. "मामांच्या धोतराची फुलं महालक्ष्मीला," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्या. "पुढल्या साली आत्यांच्या लुगड्याचा पडदा करा. तोरणाला माझ्या नवऱ्याच्या बनियनी देते."

"द्या की अक्का," धाकटी स्टुलावरूनच म्हणाली. "धुऊन द्या फक्त."

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकात काम करते. पुरवणीतलं घरगुती उपायांचं सदर माझ्याकडे आहे. वाचक पाठवतात, मी भाषा सुधारते, लांबी कापते. बातमीत कुणावर ठपका ठेवण्याआधी दोन ठिकाणी विचारायचं, ही सवय मला तिथेच लागली. डाग दिसल्यावर मी वहीत वेळा लिहून काढल्या. सव्वादहा ते साडेबारा. या सव्वादोन तासांत देवाच्या खोलीत कोण गेलं?

शेजारच्या काकू तांदूळ निवडायला आल्या होत्या. ओसरीवर त्या बसल्या होत्या तिथून देवाच्या खोलीचं दार दिसतं.

"मी काई कुणाचं कुणाला सांगत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन बाराच्या टायमाला तुझी थोरली भावजय माळांपाशी बसलेली होती. हातात वाटी. वाटीत बोटं बुडवून माळेला लावून राहिली होती. मला वाटलं, अत्तर लावत असंल."

मी ते लिहून घेतलं. नंतर माळा एकेक करून पाहिल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडून मोजलं तर दुसरी ते सहावी माळ डागाळलेली होती. सातवीपासून पुढच्या स्वच्छ. पहिलीही स्वच्छ होती, पण तिची खालची फुलं ओलसर लागली. तशी नोंद केली. तिचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

थोरली वहिनी चुलीपाशी होती.

"वहिनी, बारा वाजता तुमी माळांपाशी होता का?"

"व्हते."

"हातात वाटी होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ते राहू द्या. वाटीत काय होतं?"

"पानी."

"माळांना पानी काहून लावलं?"

तिने पुरणाचं पातेलं खाली उतरवलं आणि माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "ताई, तुमी पेपरातलं पेपरात ठेवा. इथं सोळा भाज्या व्हायच्यात."

ती सकाळपासून भांडी घासत होती. मोरीवर साबणाची वडी तिच्याच बाजूला होती. वाटीत पाणी होतं हे ती स्वतः सांगत होती. माझ्या मते बातमी उभी राहिली होती.

धाकटी वहिनी मागच्या खोलीत पिशवी भरत होती. स्टीलचा डबा तिने सगळ्यात आधी आत घातला होता.

"जेवायला बसनार न्हाई मी," ती म्हणाली. "संध्याकाळी बाया बघून गेल्या असत्या, चार जनी बरं म्हनल्या असत्या, तर आत्यांनी मुखवटे मला दिले असते. तिला तेच नको होतं."

"तू पाहिलंस का तिला लावताना?"

"पाहायला कशाला पायजे? घरात साबनाचे हात कुणाचे हायेत? तुमचे तर न्हाईत. तुमी आल्यापासून कप सुदीक विसळला न्हाई."

हे खरं होतं. मी ते वहीत लिहिलं नाही.

ती जेवायला बसली, कारण महालक्ष्म्यांच्या पंगतीतून सून उठली असं गावात जायला नको होतं. थोरलीने तिच्या पानात दोन पुरणपोळ्या वाढल्या. धाकटीने एक परत पातेल्यात ठेवली. आई दोघींच्या मधे बसून भात कालवत होती. डागांबद्दल तिने काहीच विचारलं नाही. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिला डाग दिसलेच नसावेत, असं मी धरून चालले.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. पाच वाजता मी बाजूची काही हळदीची पानं काढून डागांच्या पुढे उभी केली. ती अर्ध्याच डागांना पुरली. येणारी प्रत्येक बाई आधी मुखवट्यांकडे, मग साड्यांकडे आणि मग खाली बघत होती. एकीने वाकून पाहिलं.

"वरून पिवळं, खालून लाल. शेडिंग केलं का?"

थोरली कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. "व्हय, शेडिंगच हाय," ती म्हणाली. "हिंगोलीची फॅशन."

बायका हसल्या. धाकटी उठून आत गेली. मी थोरलीचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी देवाच्या खोलीत गेले. महालक्ष्म्या दुपारच्या आत उठवायच्या होत्या. त्याआधी शेवटचे फोटो हवे होते आणि हळदीची पानं कडेने सुकायला लागली होती. पानांवर पाण्याचा फवारा मारला की फोटोत ती ताजी दिसतात. हा उपाय माझ्याच सदरात दोनदा आला आहे. धान्याच्या कणगीमागे एक निळी फवारणीची बाटली होती, इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची. ती अर्धी भरलेली होती. मी पानांवर चार-पाच वेळा फवारा मारला. पानांवरून पांढरा बारीक फेस ओघळला. फवाऱ्याचे थेंब मागच्या आठव्या माळेवरही उडाले होते. मी पाहत असतानाच तिथली पिवळी फुलं लाल झाली.

आई दारात उभी होती.

"ती मुंग्याची बाटली हाय, माय," ती म्हणाली. "पानावर काहून मारून राहिली?"

"मुंग्यांची?"

"कपडे धुवायची पावडर हाय त्यात. नैवेद्याच्या आधी सैपाकघराच्या दारापासून भिंतीनं मुंग्याची रांग लागली होती. मी मारली. गप झाल्या."

"हे तुला कुणी सांगितलं?"

तिने मला स्वयंपाकघरातल्या कपाटापाशी नेलं. दाराच्या आतल्या बाजूला कणकेच्या खळीने कात्रणं चिकटवलेली होती. पितळेला चिंच. डाळीत कडुनिंबाचा पाला. बांगडीने काढायची रांगोळी. त्यांच्या खाली चार ओळी होत्या: मुंग्यांच्या रांगेवर धुण्याच्या पावडरचं पाणी फवारा, मुंग्या मरतात आणि वासही पुसला जातो, त्यामुळे नवीन रांग लागत नाही. अक्षरं आमच्या पुरवणीची होती. त्या चार ओळी मी लावल्या होत्या. हा उपाय मी करून पाहिला नव्हता. त्या सदरातला कोणताच उपाय मी करून पाहिलेला नव्हता.

"काल सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई," आई म्हणाली. "तू काकूला इचारलं, दोघींना इचारलं. मी म्हनलं, मला इचारल तवा सांगू."

थोरली वहिनी मोरीपाशी हात धूत होती. तिने ऐकलं होतं.

"वाटीत काय होतं?" मी तिला पुन्हा विचारलं. या वेळी वही आणली नव्हती.

"लिंबू."

"काल पानी म्हणालात."

"तुमी लिहून घेऊन राहिल्या होत्या. मी लिंबू म्हनले असते तर तुमी इचारलं असतं, लिंबू काहून. मग आत्यांचं नाव आलं असतं, बाटली मारताना मी पाह्यलं होतं त्यांना. आत्यांना दिसत न्हाई, आत्यांनी माळा नासवल्या, हे काकूंनी ओसरीवरून ऐकलं असतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं." तिने पदराला हात पुसले. "एक माळ झाली तेवढ्यात आरतीला हाक आली. मग तुमी सगळ्या तिथंच."

मी परत जाऊन पहिली माळ नाकाशी धरली. तिला लिंबाचा वास होता. त्या माळेवरचे डाग साडेबाराच्या आधीच गेले होते. म्हणजे डागाळलेल्या माळा पाच नव्हत्या, सहा होत्या.

धाकट्या वहिनीला हे मी सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि लगेच विश्वास ठेवला नाही. ती उठली, डब्यातलं एक उरलेलं फूल काढलं, निळ्या बाटलीने त्यावर फवारा मारला, ते लाल झाल्यावर त्यावर लिंबू पिळलं. फूल पिवळं झालं. तिने ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मला तरी सांगायचं होतं, अक्का."

"तू बोलत होती का माझ्याशी?"

"शेडिंग म्हनलात सगळ्या बायांपुढं."

"मग काय म्हनू? सासूनं साबन मारला म्हनू?"

दोघी माळांपाशी बसल्या. थोरली कापसाचा बोळा लिंबाच्या रसात बुडवून डागावर टेकवत होती, धाकटी माळेचं टोक ताटलीवर धरून बसली होती. मी आठवी माळ केली. दहा वाजेपर्यंत सगळ्या माळा पिवळ्या झाल्या. चौथ्या माळेतली दोन फुलं जरा फिकट राहिली. मी शेवटचा फोटो काढला. त्या फोटोत हळदीची पानं नाहीत, फेसामुळे ती चिकट झाली होती.

दही-भाताचा नैवेद्य झाल्यावर महालक्ष्म्या उठवल्या. आईने मुखवटे पुसले, धोतराच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळले आणि लोखंडी पेटीत ठेवले. माळा धाकटीने घडी न करता गोल गुंडाळून त्याच पेटीत घातल्या, वर कापराच्या वड्या टाकल्या. आईने कुलूप लावलं.

दोघी सुना समोर उभ्या होत्या.

"पेटी हितंच राहील," आई म्हणाली. "किल्ली हिंगोलीला."

"मंजी काय आत्या," थोरली म्हणाली. "इश्वास न्हाई का माझ्यावर?"

"आन माझ्यावर?" धाकटीने विचारलं. "नुसत्या किल्लीला काय हार घालू?"

"इश्वासाचं पुढल्या साली बघू," आई म्हणाली. "कुलूप उघडायला दोघी लागतेल."

थोरल्या भावाने पेटी उचलून थोरलीच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. निळी बाटली मी मोरीत रिकामी करून धुतली. वसमतकडे जाणारी बस त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी सुटली. मी आणि धाकटी वहिनी एकाच बाकावर होतो. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.