सुरात आणलेला आवाज

अंकल पंचाहत्तरीला टेकले होते तेव्हा त्यांनी नाताळच्या गाण्यांचा अल्बम करायचं ठरवलं आणि रेकॉर्डिंगसाठी ते माझ्याकडे आले. ते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कारखान्यातले सोबती. अण्णा डिझाइनमध्ये, अंकल मशीनशॉपात, अशी दोघांनी इथे, कानडी मुलखात, एकाच सरकारी कारखान्यात तीस वर्षं काढली. अंकल अँग्लो-इंडियन. इथल्या त्यांच्या लोकांत अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं गिटारीवरचं संगीत, कंट्री म्हणतात ते, घरोघरी ऐकलं जायचं. अंकल ते असं गात की कारखान्याच्या नाताळच्या कार्यक्रमाला आमच्यासारखी मराठी घरंसुद्धा लवकर जाऊन पुढच्या खुर्च्या धरत.

हेब्बाळच्या आमच्या घरी गच्चीवरच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. कंपन्यांच्या ट्रेनिंग व्हिडिओंसाठी लोक येऊन मजकूर वाचतात, मी तो रेकॉर्ड करून स्वच्छ करते. गाण्याचं काम क्वचितच येतं, म्हणून मला आनंद झाला. दहा गाणी होती. त्यातली चार अंकलनी स्वतः रचलेली.

"ऑक्टोबरच्या आत संपवायचं," ते म्हणाले.

"अंकल, नाताळ डिसेंबरात आहे. घाई काय?"

"घाई आहे," एवढंच म्हणून ते गिटारीच्या तारा लावायला लागले.

आठ दिवस ते रोज सकाळी रिक्षाने आले. दोन जिने चढून आले की आधी थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट प्यायचे. दोन ओळींच्या मध्ये त्यांचा हात गळ्याशी जायचा. हे सगळं मी काचेतून पाहत होते. वय झालं, असं वाटलं. विचारलं नाही.

मी लहानपणी बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले. कणभर सूर हलला तरी आमच्या बाई तंबोरा थांबवायच्या, तो कान अजून तसाच आहे. अंकलचा आवाज आता वरच्या सुरावर फाटत होता. काही ओळींच्या शेवटी तो किंचित खाली बसायचा. ते गेले की मी कॉम्प्युटरवर एकेक सूर धरून जागेवर आणायचे. फाटलेलं शिवलं. धाप लागल्यासारखे श्वास काढून टाकले. त्यांच्या तरुणपणचा आवाज मला आठवत होता आणि तोच त्यांना परत द्यावा, अशी माझी कल्पना. कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर हे करताना मी फार खूश होते.

शेवटचं गाणं झालं त्याच आठवड्यात एका कंपनीचं मोठं काम आलं. डिस्कवर जागा नव्हती. दहाही गाणी नीट तयार होती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. मूळ प्रत कधी पुसू नये, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

दहा-बारा दिवसांनी आंटींचा, अंकलच्या बायकोचा, फोन आला. अंकलचं ऑपरेशन झालं होतं. गळ्यात गाठ होती आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं होतं.

"ऑगस्टपासून माहीत होतं," आंटी म्हणाल्या. "तुला सांगू नको, असं त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, कळलं तर ती दया दाखवेल, सगळंच छान म्हणेल. मला खरं रेकॉर्डिंग हवंय."

फोन ठेवल्यावर मी तशीच जिन्यात बसले.

ते घरी आल्यावर मी आणि अण्णा भेटायला गेलो. अंकल व्हरांड्यात बसले होते, गळ्याला पट्टी, मांडीवर वही. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला. पहिलं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसरं अर्धं झालं तेव्हा हेडफोन काढला आणि वहीत लिहिलं, "छान आहे. कोण गातंय?"

मला थट्टा वाटली. मी हसले. ते हसत नव्हते. त्यांनी खाली आणखी लिहिलं, "माझं कुठे आहे?"

मग मी सांगितलं. आधी सूर सुधारल्याचं, मग पुसल्याचं. सांगताना मी डिस्कच्या जागेबद्दल बरंच बोलत राहिले. अंकलनी पेनाचं टोपण लावलं. आंटी उठून आत गेल्या. थोड्या वेळाने आम्ही निघालो.

रिक्षात अण्णांनी विचारलं, "सुधारायच्या आधी त्याला विचारलं होतंस?"

"नाही."

"सरी," कानडीतलं 'बरं' एवढंच म्हणून ते बाहेर बघत बसले. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

डिस्क घेऊन मी पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने तासभर खटपट केली. "मॅडम, यावर नवीन काम चढलंय," तो म्हणाला. "स्वल्पसुद्धा निघणार नाही."

अल्बम मात्र निघाला. त्यांच्या परदेशातल्या मुलीला हवा होता, चर्चमधल्या मंडळींना हवा होता आणि अंकलनी मान हलवून होकार दिला. डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये तो सगळ्यांना ऐकवला. लोक येऊन त्यांचे हात हातात घेत होते. "तिशीतला आवाज वाटतो!" एक बाई म्हणाल्या. अंकल हसून मान लववत होते.

गर्दी पांगल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माफी मागायचे शब्द घरून ठरवून आणले होते. "अंकल, मी चुकले," एवढंच म्हटलं.

त्यांनी वही घेतली आणि बराच वेळ लिहिलं. "तू चांगलं करायला गेलीस. म्हणून तुझ्यावर रागावता येत नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं." ते पान फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं.

जानेवारीत आंटींचा पुन्हा फोन आला. अंकल फिरायला गेले होते. ते घरात असले की अल्बम लावू देत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

"एक विचारते, खरं सांग. सातव्या गाण्यात शेवटच्या कडव्यात त्यांचा आवाज जरा घसरतो. ते तू केलंस की त्यांचं आहे?"

मी म्हटलं, बघून सांगते. गच्चीवर जाऊन गाणं उघडलं. त्या ओळीला अंकल मागे झुकले होते, आवाज गिटारीसाठी लावलेल्या वेगळ्या माइकमध्ये सांडला होता आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते की मला ते सोडवता आले नव्हते. कंटाळून मी ती ओळ तशीच ठेवली होती. तीनेक सेकंदांची असेल. आवाज खाली जातो, अडखळतो आणि मग पुढचा शब्द श्वास ओढून उचलतो.

मी लगेच आंटींना फोन लावला. "ते अंकलचंच आहे. मी हात लावलेला नाही."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. मागे गाणं चालू होतं. त्यांनी ते थांबवलं, जरा मागे नेलं आणि ती ओळ पुन्हा लावली. फोन कानाशी धरून मीही ती ऐकली. मग त्यांनी ती पुन्हा लावली.